डाव्या पायाचं माप

मुरुमच्या बाजारात आमच्या अत्तींना भीत नाही असा दुकानदार शोधून सापडायचा नाही. अत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, उमादेवी. सीमेवरच्या आमच्यासारख्या घरांत सासूला कन्नड वळणानं अत्तीच म्हणतात. भाजीवालीनं काटा सरळ व्हायच्या आत पिशवीत भेंडी ओतली, की अत्ती ती परत पाटीत ओतायला लावणार. कापडवाल्यानं कापड जरा ताणून धरलं, की अत्ती त्यावर आपली वीत लावून बघणार. सासरे कल्याणप्पा यांचं धान्याचं अडत दुकान आहे. ते म्हणायचे, हिचं सगळं आयुष्य पोत्यांच्या वजनात गेलं, म्हणून हिला जगात कुठंच माप बरोबर दिसत नाही. खरंच, "माप बरोबर हाय" असं त्या कुणाला म्हणाल्याचं मी लग्न झाल्यापासून ऐकलं नव्हतं. म्हातारे दुकानदार सांगायचे, आम्हीपण ऐकलं नाही.

त्यांच्यासोबत बाजारात जायचं म्हणजे मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. लोक थांबून बघायचे. मी पदर सारखा करत दुसरीकडं बघत उभी राहायची. आता होत नाही तसं, आणि का होत नाही तेच सांगायला बसले आहे.

माझं माहेर ईट, भूम तालुक्यातलं. मुरुम त्याच जिल्ह्याच्या दुसऱ्या टोकाला. जिल्हा एक असला तरी या टोकापासून त्या टोकापर्यंत बोली बरीच बदलते. आमच्या ईटला पाय भारी झाला म्हणजे पाय भारी झाला, चालून चालून नाहीतर बसून बसून. मुरुमात, निदान आमच्या घरात, जुन्या दखनी वळणानं पाय भारी झाला म्हणजे बाईला दिवस गेले. हे मला कुणी सांगितलं नव्हतं. अशा गोष्टी फजिती झाल्यावरच कळतात.

मला सातवा महिना होता. दुकानाचे हिशेब मीच कॉम्प्युटरवर घालायची, त्यामुळं दिवसभर बैठक. एका संध्याकाळी खुर्चीवरून उठले तर डावा पाय उचलेना. पोटरी आतून ठणकत होती आणि मांडीपर्यंत ओढ लागली होती. तशीच भिंतीला धरून स्वयंपाकघरात गेले आणि म्हणाले, "अत्ती, माझा पाय लई भारी झालाय."

अत्ती भाकरी थापत होत्या. हात न थांबवता त्या म्हणाल्या, "आता कळलं व्हय तुला? आमाला सा महिन्यापासनं ठावं हाय."

शेजारच्या चुलत सासूबाई, जगदेवीकाकू, तिथंच लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांना हसू आवरेना. लसणाची परडी पालथी झाली, डोळ्यांतून पाणी आलं. जेवणाच्या वेळेपर्यंत ही गंमत गल्लीभर झाली होती. माझा नवरा नंदीश दुकानातून आला तो दारातूनच विचारत आला, "काय गं, पाय भारी झालाय म्हणं तुझा?" मीपण सगळ्यांबरोबर हसले. पाय मात्र होता तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी मी शब्द बदलून पाहिला. दुखतोय म्हणाले, ओढतोय म्हणाले. पण घरात एकदा विनोद शिरला की तो पाहुण्यासारखा लवकर जात नाही. मी तोंड उघडलं की कुणीतरी आधीच हसायचं. शिवाय गरोदर बाईचे पाय सुजतात हे कुणाला माहीत नसतं? तपासणीच्या वेळी नर्सबाईंनीही सांगितलं होतं, आता पाय सुजतील, उशीवर ठेवून झोपत जा. त्यात काही खोटं नव्हतं. फक्त त्या दोन पायांबद्दल बोलत होत्या आणि माझा एकच दुखत होता. म्हणीतला भारी पायसुद्धा एकच असतो, त्यामुळं माझा एकच पाय भारी आहे हे कुणालाच खटकलं नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही.

जगदेवीकाकूंनी मात्र मनावर घेतलं. "वात धरलाय पोटरीत," त्या म्हणाल्या. "महानंदाला बोलावते. तेल लावून रगडून काढंल, दोन दिसात पळशील." महानंदा आमच्या भागातल्या बाळंतिणींना आणि लेकरांना तेल लावायची. तिच्या हाताला चांगली ताकद होती. तिला कुबसाच्या दिवशी, जेवणं उरकल्यावर यायला सांगितलं.

कुबसा म्हणजे आमच्याकडचं ओटभरण. सातव्या महिन्यात सुनेला नवी साडी-चोळी देऊन तिची ओटी भरतात. ईटहून माझी आई आली होती. तिला बघून मला उगाच रडायला आलं आणि तिला वाटलं, सासरी काहीतरी बिनसलं आहे. अत्तींनी माझ्यासाठी चांदीची पैंजणं करून घेतली होती. महिन्याभरापूर्वी मला ईरण्णा पत्ताराच्या दुकानात नेऊन माप दिलं होतं. पत्तार म्हणजे सोनार. ईरण्णानं उजवा पाय शुभ म्हणून त्यालाच दोरा लावला आणि त्या मापाची दोन्ही पैंजणं घडवली. घडवताना अत्ती तीनदा जाऊन त्याच्या डोक्यावर बसून आल्या होत्या, ते वेगळंच.

ओटी भरून झाली. अत्ती पुढं बसल्या आणि त्यांनी माझ्या उजव्या पायात पैंजण घातलं. कडीत आकडा अलगद बसला. मग डावा पाय घेतला. आकडा कडीपर्यंत पोचेना. त्यांनी पैंजण जरा वर सरकवलं, खाली सरकवलं, ओढलं. मी कळवळले.

"डाव्या पायात चांदी बसंना," जगदेवीकाकू हळू आवाजात म्हणाल्या. "हे काय बरं लक्षण न्हाय."

माझ्या आईचा चेहरा पांढरा पडला. पण अत्ती ताडकन उठल्या.

"लक्षण-बिक्षण काय न्हाय," त्या म्हणाल्या. "ईरण्णानं चांदी मारली. एक पैंजण बारीक केलं. त्याला वाटलं, कोण बघतंय डाव्या पायाकडं."

तेवढ्यात महानंदा तेलाची वाटी घेऊन आत आली. काकूंनी माझ्यासाठी सतरंजी टाकलीच होती. "आधी पाय चोळून घिऊ द्या तिला," काकू म्हणाल्या, "ईरण्णा काय पळून चाललाय का?"

"पळंल की," अत्ती म्हणाल्या. "चोळणं मागनं. आदी ह्याचा निकाल. ऊठ शिवरंजनी, पायातलं काढू नको. पुरावा हाय तो."

नवी हिरवी साडी, केसात गजरे, एका पायात पैंजण आणि दुसरा पाय ओढत मी रिक्षात बसले. लाजेनं अर्धी झाले होते. देवाला म्हणत होते, सराफ गल्लीत आज तरी गर्दी नको. गर्दी होतीच. लग्नसराई होती.

ईरण्णाच्या दुकानात पायरीवरूनच अत्तींचा आवाज चढला. "का रे ईरण्णा, दोन पायांच्या बाईला दीड पायाची पैंजणं करतूस व्हय?" गिऱ्हाइकं वळून बघू लागली. ईरण्णा शांत माणूस. मुरुमच्या बाजारात अत्तींना एवढी वर्षं तोंड देऊन तो शांत झाला असावा. त्यानं माझ्या उजव्या पायातलं पैंजण काढून घेतलं, अत्तींच्या हातातलं घेतलं आणि दोन्ही सरळ करून गादीवर शेजारी शेजारी ठेवली. कडीला कडी, आकड्याला आकडा. केसाचाही फरक नव्हता. मग दोन्ही एकेक करून तराजूत टाकली. वजन तेच.

"आता बोला, आक्का," ईरण्णा म्हणाला.

"मग सुनंचा पाय खोटा हाय का?"

"ते म्या कसं सांगू? ह्यो दोरा घ्या. तुमीच मोजा, म्हंजे परत माज्या नावानं नको."

दुसरं कुणी असतं तर इथं माघारी फिरलं असतं. पण कुणी दोरा पुढं केला आणि अत्तींनी मोजलं नाही असं कधी झालेलं नाही. त्या तिथंच दुकानात खाली बसल्या. माझ्या उजव्या घोट्याला दोरा गुंडाळून त्यांनी गाठ मारली. तोच दोरा डाव्या घोट्याला लावला. बोटभर अपुरा पडला. अत्तींच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी माझ्याकडं न बघता साडी जरा वर सरकवली आणि दोन्ही पोटऱ्या मोजल्या. तिथं तर तीन बोटं अपुरा पडला. डावी पोटरी ताणून चकचकीत झाली होती आणि रंगही लालसर दिसत होता. त्यांनी तळहात हलकेच ठेवला आणि चटकन उचलला.

"किती गरम लागतंय गं," त्या म्हणाल्या. मग दोरा हातात धरून तशाच बसून राहिल्या. अत्ती गप्प बसलेल्या मी तेव्हा पहिल्यांदा पाहिल्या, आणि मला खरी भीती तेव्हा वाटली.

"चार कड्या वाढवून देतो, आक्का," ईरण्णा म्हणाला. "आत्ता देतो."

"पैंजणाला हात लावू नको," अत्ती म्हणाल्या. "चूक पैंजणात न्हाय." मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "पोटातल्या लेकराचं वझं दोन्ही पायांवर पडायला पायजे. एकच पाय कामून सुजला? तू मला भारी झाला म्हणलीस, एकच झाला हे का न्हाय सांगितलं?"

"एकच म्हणाले होते, अत्ती," मी म्हणाले. "तुम्ही हसलात."

त्यांनी पैंजणं कनवटीला लावली, नंदीशला फोन केला, आणि गाडी घेऊन थेट ये म्हणाल्या. घरी महानंदा वाट बघत बसली होती, तिला निरोप गेला की आज नको. आमच्या गावातल्या डॉक्टरांनी पाय पाहिला, दोन्ही पोटऱ्या पुन्हा मोजल्या आणि लगेच सोलापूरला जायला सांगितलं. पाय चोळू नका, दाबू नका, हे त्यांनी जाता जाता दोनदा बजावलं.

सोलापूरला डॉक्टर भैरवी म्हणून होत्या, माझ्यापेक्षा फार मोठ्या नसतील. त्यांनी विचारलं, काय होतंय? माझ्या तोंडून परत तेच आलं, पाय भारी झालाय. म्हणून झाल्यावर मी मान खाली घातली, आता ह्यापण हसतील म्हणून.

"एक की दोन्ही?" त्यांनी विचारलं.

एवढा साधा प्रश्न. इतक्या दिवसांत कुणी विचारला नव्हता. मला हुंदकाच फुटला, आणि नंदीश घाबरून विचारू लागला की आता काय झालं.

पायाची सोनोग्राफी झाली. डाव्या पायाच्या आतल्या मोठ्या शिरेत रक्ताची गुठळी धरली होती. डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं. बाळंतपणात बाईचं रक्त फार जाऊ नये म्हणून शरीर आधीपासून तयारी करतं. गरोदरपणात रक्त नेहमीपेक्षा लवकर गोठायला लागतं. बहुतेक जणींना त्याचा त्रास होत नाही, उपयोगच होतो. एखादीच्या पायात मात्र अशी गुठळी होते, आणि ती जास्त करून डाव्या पायात, कारण वाढलेल्या पोटाचा दाब त्या बाजूच्या शिरेवर अधिक येतो. गुठळी आहे तिथं राहिली तर औषधानं हळूहळू विरते. सुटून छातीत गेली तर जिवावर बेततं.

"चोळला नाहीत ना पाय?" त्यांनी विचारलं.

"न्हाय," अत्ती म्हणाल्या. "भांडायला गेलो हुतो."

डॉक्टरांना काही कळलं नाही. आम्हीही समजावून सांगितलं नाही. मग त्यांनी माझ्या पोटावर यंत्र ठेवलं आणि खोलीभर बाळाच्या ठोक्यांचा आवाज घुमला, टपटपटपटप. सगळं ठीक आहे, त्या म्हणाल्या, तुमच्या श्वासालाही काही झालेलं नाही, वेळेत आलात. नंदीशनं भिंतीला डोकं टेकलं. अत्तींनी पदर डोळ्याला लावला आणि लगेच काढला.

"म्हंजे लेकराचं वझं एकाच अंगाला जास्त पडतंय म्हणा की," त्या म्हणाल्या. "देवाघरीबी माप मारत्यात तर."

त्या दिवसापासून पोटात इंजेक्शन सुरू झालं, बेंबीपासून जरा लांब, बारीक सुईचं, रोज. घरी द्यायला नंदीश शिकला खरा, पण पहिल्याच दिवशी सुई बघून तोच पलंगावर आडवा झाला. मग अत्तींनी हातात घेतलं. त्यांचा हात इतका हलका असेल असं मला वाटलं नव्हतं. एवढी कडक बाई, पण सुई टोचताना श्वास रोखून धरायची आणि टोचून झाल्यावर माझ्याआधी सुस्कारा सोडायची. बाळंतपणाला मी ईटला जायचं ठरलं होतं, ते रद्द झालं. आईच मुरुमला येऊन राहिली. दोघी विहिणी एका घरात म्हणजे एका म्यानात दोन तलवारी, असं काकू म्हणाल्या होत्या. पण दोघींचंही लक्ष माझ्या पायावर, त्यामुळं भांडायला कुणाला सवड झाली नाही.

दिवस भरले तसं सोलापूरला दाखल व्हायची तारीख ठरली आणि इंजेक्शन आदल्या दिवशी थांबवलं. आता उलटी काळजी सुरू झाली. इतके दिवस रक्त गोठू नये म्हणून जीव टांगणीला होता, आता ते वेळेवर गोठावं म्हणून देवाला हात जोडायचे. अत्तींना हे मुळीच पटलं नाही. "घट्ट झालं तरी वाईट, पातळ झालं तरी वाईट," त्या डॉक्टरांना म्हणाल्या. "बाईचं रक्त हाय का आमटी?"

मुलगी झाली. रक्तस्राव जितका व्हायला हवा तितकाच झाला आणि थांबला. डॉक्टर भैरवी तोंडावरचा मास्क काढून हसल्या, तेव्हा मला आपण किती घाबरलो होतो ते कळलं. बाहेर अत्तींनी पहिला प्रश्न नातीबद्दल विचारला नाही. "सुनंचं रक्त थांबलं का?" असं विचारलं. हे मला आईनं नंतर सांगितलं.

बाळंतपणानंतर धोका लगेच सरत नाही, उलट पहिले काही आठवडे जास्त जपायला लागतं, म्हणून इंजेक्शन पुन्हा चालू झालं. आणि डॉक्टरांनी सांगितलं, पडून राहायचं नाही, चालायचं. झालं, घरात महाभारत. बाळंतिणीनं बाजेवरून पाय खाली ठेवायचा? जगदेवीकाकूंनी कान झाकून घेतले. "वारं लागंल तिला," त्या म्हणाल्या. "आमी सव्वा महिना दार वलांडलं न्हाय."

"वलांडलं न्हाय म्हणून आजून गुडघे धरून बसतीस," अत्ती म्हणाल्या. "हिला चालायला सांगितलंय. चालंल." आणि डोक्याला स्कार्फ बांधून, कानात कापूस घालून, माझा दंड धरून त्यांनी मला अंगणात फिरवायला सुरुवात केली. कापूस काकूंच्या समाधानासाठी, चालणं डॉक्टरांच्या. पाणीही त्याच पाजायच्या, तांब्यावर तांब्या. ज्या स्वभावाची मला बाजारात लाज वाटायची, तो आता माझ्या बाजूनं भांडत होता. स्वभाव आपल्या बाजूनं असला की फार चांगला दिसतो, हे मी कबूल करते.

शेवटच्या तपासणीला नंदीशच्या गाडीतून आम्ही तिघी सोलापूरला गेलो, अत्ती, मी आणि दुपट्यात गुंडाळलेली भाग्यश्री. पायाची सोनोग्राफी झाली. शीर मोकळी झाली होती, रक्त नीट वाहत होतं. इंजेक्शन बंद. पुढच्या वेळी दिवस राहिल्या राहिल्या सांगायला या, डॉक्टर म्हणाल्या, म्हणजे सुरुवातीपासूनच काळजी घेता येईल.

"पाय हलका झाला बघा आता," मी म्हणाले.

"झाला न्हवं? मग दोनतीन वरसं हलकाच ऱ्हाऊ दे," अत्ती म्हणाल्या. "लगीच भारी करून घिऊ नको."

या वेळी मी पोट धरून हसले. डॉक्टर भैरवी आमच्याकडं बघतच राहिल्या.

मुरुमात शिरताना अत्तींनी गाडी सराफ गल्लीकडं घ्यायला लावली. नंदीश म्हणाला, घरी सगळे वाट बघत असतील. अत्तींनी ऐकलं नाही. दुकानात गिऱ्हाइकं होती. अत्तींना पायरी चढताना बघून ईरण्णा गादीवर जरा सावरून बसला. अत्तींनी कनवटीची पिशवी सोडली. दोन्ही पैंजणं त्यातच होती. तेव्हापासून ती तिथंच होती, दवाखान्यात, बाळंतपणाच्या खोलीबाहेर, अंगणात मला फिरवताना. घरात कुणी विचारलं की कड्या का वाढवून घेत नाही, तर त्या म्हणायच्या, पाय उतरायचा हाय, पैंजण वाढवायचं न्हाय.

मी बाळाला घेऊन स्टुलावर बसले. अत्ती खाली बसल्या. उजव्या पायात पैंजण घातलं. मग डावा पाय मांडीवर घेतला. आकडा दोनदा सुटला. ईरण्णा मदतीला वाकला, पण त्यांनी त्याला मानेनंच नको म्हटलं. तिसऱ्यांदा आकडा कडीत गेला आणि तिथंच राहिला.

अत्तींनी माझा पाय तसाच धरून ठेवला. मग उठल्या, पायरीपर्यंत गेल्या आणि बाहेरच्या सगळ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "ईरण्णा, माप बरोबर हाय."